घनश्यामची डावी सीट

भंडाऱ्याजवळच्या शहापुरात घनश्यामचं घर विचारलं तर कुणी गल्ली सांगत नसे, आणि घर नंबर तर नाहीच नाही. ‘पांढरी अँबेसिडर उभी दिसन, थेच घर,’ एवढंच सांगायचे. सांगणारा जुना असला तर जाता जाता आवाज खाली करून एक पुस्ती जोडायचा, ‘गाडीत बसाची वेळ आली तं समोर डाव्या बाजूले नका बसू.’ काहून, म्हणून विचारलं की त्याला नेमकं काहीतरी काम आठवायचं.

घनश्याम सत्तरीकडे झुकलेला. अंगानं वाळलेली तुऱ्हाटी, पण स्टिअरिंग हातात आलं की अजून ताठ. जिभेला धार. वादात हरायची वेळ आली की गाडी धुवायला घ्यायचा आणि धुता धुता समोरच्याच्या चपलेवर पाणी उडवायचा, म्हणून गावात त्याच्याशी वाद घालायला कुणी सहसा जात नसे.

घरची बांधी, म्हणजे धानाचं शेत, थोरल्या भावाकडे गेली तेव्हा हा भंडाऱ्याच्या टॅक्सी स्टँडवर तुलाराम उस्तादाच्या हाताखाली लागला. ड्रायव्हरकी शिकला, आणि पुढे सरकारी लिलावात एक डिझेल अँबेसिडर घेतली. लिलाव करणाऱ्यांनी मागच्या सीटवरचा साहेबांचा टॉवेल तेवढा काढून घेतला होता, बाकी गाडी जशीच्या तशी. त्या काळी जिल्ह्यातला पेशंट हाताबाहेर गेला की एकच वाट, नागपूर. जाताना गाडी कुणीही द्यायचा. पंचाईत व्हायची येताना, कारण काही जण परत यायचे ते आडवे होऊन. अशा वेळी स्टँडवरच्या बाकीच्या ड्रायव्हरांना कुणाच्या गाडीचं टायर पंक्चर व्हायचं, कुणाच्या घरी पाहुणे यायचे. घनश्याम जायचा. अँबेसिडरची मागची सीट म्हणजे चांगला ऐसपैस पलंगच. माणूस जरा गुडघ्यात दुमडला की नीट मावतो.

पहिल्याच अशा फेरीच्या आधी तुलारामनं त्याला बाजूला घेतलं होतं.

‘मेलेल्या मानसाले दिशा नाही समजत, घन्या. पाय जमिनीले लागत नाही ना. त्याले रस्ता सांगा लागते. गाव आलं का गावाचं नाव घे. नदी आली का सांग, घट्ट धरा. आन घर आलं का सांग, घर आलं, उतरा. थे म्हटल्याशिवाय कोनाले हात लावू देऊ नोको.’

‘आन नाही सांगतलं तं?’

‘तं तो बसून राहते. त्याले का मालूम, घर आलं का नाही आलं तं.’ मग तुलारामनं विडी विझवली आणि आणखी एक बजावलं. ‘आन एक आयक. घर मांगं टाकून वैनगंगा पार नाही कराची. मंग तो घराचा राहत नाही. गाडीचा होऊन जाते.’

घनश्यामला तेव्हा हसू आलं होतं. ते हसू मोहाडीच्या एका माणसानं घालवलं. त्याला आणलं तेव्हा दारात रडारड, गर्दी, आणि घनश्यामच्या तोंडून शब्द निघायच्या आत नातेवाइकांनी देह उतरवून घेतला. तिथून गाडी परत निघाली ती जडावलेली. मागचे स्प्रिंगचे पाटे दबलेले, चढावर इंजिन कण्हत होतं. दुसऱ्या दिवशी एक वऱ्हाडी जोडपं मागे बसलं. थोडा वेळ गेला आणि बाई नवऱ्याला म्हणाली, ‘जरा सरका ना तिकडं.’ नवरा पार दुसऱ्या दाराला चिकटून बसला होता. घनश्यामनं आरशात पाहिलं, दोघांच्या मध्ये एक माणूस आरामात बसेल एवढी जागा होती. भाडं उतरवून तो तसाच मोहाडीला गेला, त्या दारासमोर गाडी लावली, मागचं दार उघडलं आणि म्हणाला, ‘घर आलं, उतरा.’ गाडी मागून वर आली. हात लावून उचलावी तशी. घरातली माणसं ओट्यावर उभी राहून बघत होती.

त्यानंतर घनश्याम कधी चुकला नाही. मौदा, शहापूर, वरठी, तुमसर, साकोली, जिथलं तिथलं नाव घेत त्यानं कितीजणांना घरी पोहोचवलं. ‘घर आलं, उतरा’ म्हणायचा आणि मगच स्वतः उतरायचा.

पुढची डावी सीट मात्र शकुनबाईची. शकुनबाई म्हणजे घनश्यामची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून नवऱ्यासोबत कुठे जायचं तर ती तिथेच बसायची. त्या गाडीला पुढेही सलग सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, मध्ये कसली अडचण नाही. शकुनबाई दारापासून हळूहळू सरकत नवऱ्याजवळ यायची आणि गावाची वेस आली की पुन्हा दाराशी जायची. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण ब्रेक मात्र तीच मारायची. समोरून ट्रक आला की डावी टाच खालच्या रबरी मॅटवर दाणकन आपटायची. घनश्याम चिडायचा, ‘अवो, ब्रेक इकडं आहे!’ ती म्हणायची, ‘मंग मारा ना!’ त्या आपटण्यानं मॅटला टाचेएवढं भोक पडलं होतं. नवी मॅट टाकली, तिलाही पडलं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शकुनबाईला धाप लागली. त्यानं याच गाडीत तिला नागपूरला नेलं. जाताना ती सीटवर मान टाकून होती, तरी एका टँकरला ओलांडताना तिनं टाच आपटली. हलकीच. घनश्यामला त्यातल्या त्यात बरं वाटलं. मग ती आत गेली आणि पुन्हा दिसली नाही. त्या दिवसांत नियमच तसे होते, देह घरी द्यायचे नाहीत. तिकडेच जाळलं. राख मुलानं, प्रितमनं, नंतर आणली आणि अंभोऱ्याच्या संगमात सोडली. पण त्या दिवशी घनश्याम एकटा परत निघाला. गावातल्या कितीकांना त्यानं घरी आणलं होतं, आणि स्वतःच्या बायकोच्या वेळी गाडी रिकामी. माणसाच्या नशिबानं चेष्टा करावी तरी किती!

रस्ता ओस पडलेला. भर दुपारी हायवेवर कुत्रं नाही. त्याला राहवेना. रिकाम्या डाव्या सीटकडे न बघता तो म्हणाला, ‘शकुन, चाल. घरी जाऊन राहिलो आपन.’ मग गावं सांगू लागला. मौद्याजवळ कन्हानचा पूल आला. ‘नदी आली. घट्ट धर.’ पुलाच्या सांध्यावर चाकं आदळली आणि डाव्या बाजूला सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. माणूस नीट सावरून बसताना करकरतात तशा. तिथून पुढे गाडी डावीकडे किंचित झुकली. घनश्यामनं मान वळवली नाही. त्यानं बाकीची गावं सांगितली, एकही गाळलं नाही, आणि गाडी अंगणात आणून लावली.

दारात प्रितम उभा होता. आता म्हणायचं होतं, घर आलं, उतर. तोंड उघडलं आणि शब्द तिथेच थांबले. तिला उतर म्हटलं की ती उतरेल, उंबरा ओलांडेल, घर एकदा डोळे भरून बघेल आणि मेलेली माणसं जिथे जातात तिथे जाईल. घनश्यामला ते नको होतं. तो किल्ली काढून एकटाच उतरला आणि दार हळूच लोटलं.

तेव्हापासून पांढरी अँबेसिडर अंगणात डाव्या कुशीवर कललेली. गावातल्या टेकचंद मिस्त्रीनं पुढचं सस्पेन्शन बदलून पाहिलं, टायर बदलून पाहिले. गाडी दोन बोटं खालीच. शेवटी तो कंटाळून म्हणाला, ‘काका, बसलेला मानूस उतरला नाही तं गाडी उचलन कशी?’ तो आपला गंमत करत होता. घनश्यामनं पाण्याचा पाइप उचलला आणि टेकचंदच्या चपला ओल्या केल्या.

पुढे प्रितमचं लग्न झालं, रुचिका घरात आली. ती आली तेव्हा सासू नव्हतीच. फोटोत पाहिली तेवढीच. सासरा रोज संध्याकाळी अंगणात गाडीत जाऊन बसतो आणि चहा तिथेच घेतो, हे तिनं पाहिलं. पहिल्या आठवड्यातच तो म्हणाला, ‘दोन कप देत जा, पोरी.’ तिनं दिले. कुणासाठी, हे विचारलं नाही. कप परत यायचे तेव्हा दोन्ही रिकामे असायचे. गाडीतून कधी कधी बोलण्याचा आवाज यायचा, धानाच्या भावाचा, शेजारच्या सोयरिकीचा. उत्तरं ऐकू यायची नाहीत. पण उत्तराला लागतो तेवढा वेळ घनश्याम थांबायचा. कधी कधी त्या थांबण्यानंतर तो हसायचाही. रुचिका अशा वेळी हातातलं काम टाकून आत जायची आणि देवाजवळ दिवा लावायची.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना प्रितमनं नवी गाडी घेतली. प्रितम वरठीच्या पोलाद कारखान्यात नोकरीला, हिशेबी, लोखंडासारख्या सरळ डोक्याचा. अँबेसिडरची नोंदणी संपत आली होती आणि ती आता पुढे वाढण्यातली नव्हती. घरात गाडी एकच राहणार होती, अंगणही एकाच गाडीचं. बापाला समजवायला त्यानं जेवताना दोन्ही गाड्या समोरासमोर उभ्या केल्या.

‘बाबा, तुमचं इंजिन पंधराशे सीसी. बरोबर? माहं बाराशेच्या आत. पन ताकद पाहा. तुमची चाळीस घोड्याइची बी नाही, माही शंभराच्या वर.’

‘घोडे कमी होते, पन गाडी वढत होते ना? लगनाचे नऊ-नऊ जन वढले.’

‘मायलेज?’

‘तू खाली उतरून चालशीन तं माही बी देते मायलेज.’

‘शून्यापासून शंभर जाते बारा सेकंदात.’

‘माही एक डाव शंभरले गेली होती. मौद्याच्या उतारावर. आतला पावना हनुमान चालिसा म्हनून राहिला होता.’

रुचिका पदरात तोंड लपवून हसली. प्रितम हटला नाही. सहा एअरबॅग, चारी बाजूंना कॅमेरे, उन्हाळ्यात गार हवा. सीटवर माणूस बसला की गाडीला आपोआप कळतं, बेल्ट लावला नाही तर ओरडते. रस्ता सांगायला नकाशावरची बाई आहे, मराठीत बोलते. घनश्यामचा घास हातातच राहिला.

‘रस्ता सांगते?’

‘गाव सांगते, वळन सांगते. घर आलं का घर आलं म्हनून सांगते. तुमच्या गाडीत आहे का असं काही?’

घनश्याम हात धुवायला उठला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. गाडी भंगारात गेली तर तिच्यासोबत शकुनही जाणार, दाबयंत्राखाली. तिला उतर म्हटलं तर ती कायमची जाणार. दोन्हीकडून नुकसान त्याचंच होतं. मग त्याला तिसरा रस्ता सुचला. गाडी बदलून घ्यायची. बसस्टँडवर नाही का, एका एसटीतून उतरून माणूस दुसरीत बसतो, तसं. नव्या गाडीत तरी ती डाव्या सीटवर राहील. तो लगेच तयार झाला, आणि आठवडी बाजाराच्या रिकाम्या मैदानात रोज सकाळी नवी गाडी शिकायला लागला. प्रितमला आनंद झाला, बापानं ऐकलं म्हणून. गाडी ऑटोमॅटिक, क्लच नाही. ‘डावा पाय बेकार झाला राजा,’ घनश्याम कुरकुरायचा, पण शिकला.

ठरल्या दिवशी सकाळी अँबेसिडर घेऊन तो नागपूरकडे निघाला. मागून नव्या गाडीत प्रितम आणि रुचिका. भंगाराचं आवार शहराच्या अलीकडेच होतं. आत गाड्यांच्या थप्प्या, काचा नसलेल्या, दारं नसलेल्या. तिथल्या माणसानं किल्ली मागितली.

घनश्यामनं अँबेसिडरचं डावं दार उघडलं. समोर नव्या गाडीचं डावं दार उघडं ठेवायला लावलं. भर उन्हात, दहा माणसांसमोर, तो खाली वाकून म्हणाला, ‘शकुन, गाडी बदलाची आहे. समोर नवी उभी आहे, थिच्यात बस. पाहून उतर, इथं लोखंड पडलं आहे.’

आवारातली माणसं एकमेकांकडे बघून हसली. मग हसायची थांबली. पांढरी अँबेसिडर डाव्या बाजूनं हळूहळू वर आली आणि सरळ उभी राहिली. भंगारवाल्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. किल्ली घनश्यामला बॉनेटवर ठेवावी लागली.

‘मी चालवतो,’ तो प्रितमला म्हणाला. ‘तुमी दोघं मांगं बसा.’

प्रितमचा चेहरा उतरला होता. तो मागे बसला. घनश्यामनं गाडी सुरू केली, आणि गाडी ओरडायला लागली. टिंग, टिंग, टिंग. समोरच्या पडद्यावर लाल चित्र, डाव्या सीटवर बसलेल्या, बेल्ट न लावलेल्या माणसाचं.

‘सेन्सर बिघडला असन,’ प्रितम म्हणाला. त्याचा आवाज त्याचा त्यालाच पटला नाही. ‘बाबा, सीटवर काही ठेवलं का?’

सीटवर काही नव्हतं. घनश्यामनं वाकून बेल्ट ओढला आणि खटकन लावला. ओरडणं थांबलं. रुचिका त्याच्या मागेच बसली होती, तिथून तिला तो बेल्ट तिरका दिसत होता. रिकाम्या सीटवर बेल्ट लावला की तो मागे खेचला जाऊन सीटला चिकटतो. हा चिकटला नव्हता. सीटपासून चांगला वीतभर पुढे, ताणलेला, आणि मध्ये काहीच नाही. मधूनच तो किंचित पुढे यायचा आणि मागे जायचा. श्वास घेतल्यासारखा. रुचिकानं प्रितमचा हात धरला. प्रितम खिडकीबाहेर बघत होता, आणि मौद्यापर्यंत त्यानं मान वळवली नाही.

गाडी चांगली पळत होती, त्यात खोट काढायला जागा नव्हती. आवाज नाही, हादरे नाहीत. पण दोघांच्या सीटमध्ये एक मोठा डबा होता, त्याला पाण्याच्या बाटल्या ठेवायची भोकं. घनश्यामला वाटलं, हिला जवळ सरकायचं म्हटलं तर सरकणार कुठून? एवढ्यात पुढच्या ट्रकला त्यानं जरा घाईत ओलांडलं, आणि डाव्या बाजूच्या मॅटवर दाणकन टाच आपटली. तिघांनीही ऐकलं. घनश्याम कितीतरी दिवसांनी मनापासून हसला. ‘ब्रेक इकडं आहे,’ तो पुटपुटला.

‘पुढे सरळ जात राहा,’ नकाशावरची बाई म्हणाली.

‘तू चूप,’ घनश्याम म्हणाला. ‘मी सांगतो.’ मग त्यानं गावं सांगायला सुरुवात केली. कन्हानच्या पुलावर म्हणाला, ‘नदी आली. घट्ट धर.’ बेल्ट करकचून ताणला गेला. नकाशावरची बाई तिचं वेगळंच सांगत होती, अंतरं, वळणं. दोघांची चढाओढ लागली. पण शहापूर जवळ आलं तसा घनश्यामला घाम फुटला. त्याला प्रितमचं जेवतानाचं बोलणं आठवलं. ही बाई सगळं सांगते. घर आलं का घर आलं म्हनून सांगते.

जे शब्द त्यानं इतकी वर्षं ओठांआड दाबून ठेवले, ते ही परकी बाई आता सहज बोलून टाकणार होती.

‘बंद कर थे!’ तो ओरडला. प्रितम पुढे वाकून पडद्यावर बोटं मारायला लागला, पण भलतंच काहीतरी उघडत होतं. ‘उजवीकडे वळा,’ बाई म्हणाली. समोर शहापूरचा फाटा आला. घनश्यामनं पाय दाबला, आणि गाडी फाटा सोडून सरळ पुढे गेली, भंडाऱ्याकडे.

‘बाबा! घर मांगं राहिलं!’

‘मालूम आहे मले.’

‘शक्य असेल तेव्हा यू-टर्न घ्या,’ बाई म्हणाली. पुन्हा म्हणाली. तिला राग येत नव्हता, दम लागत नव्हता, ती तेवढ्याच गोड आवाजात म्हणतच राहिली. गाडी गार असूनही घनश्यामच्या कपाळावरून घाम गळत होता. भंडारा आलं. भंडाऱ्याच्या पुढे वैनगंगा, आणि तुलारामचा शब्द त्याच्या कानात वाजायला लागला. घर मांगं टाकून वैनगंगा पार नाही कराची. मंग तो गाडीचा होऊन जाते. म्हणजे पूल ओलांडला की झालं. मग ती कधीच कुठे जाणार नाही. या गाडीत, नाहीतर पुढच्या गाडीत, घनश्याम जिवंत आहे तोवर आणि तो गेल्यावरही, डाव्या सीटवर बेल्ट लावून बसून राहील. त्याला मोह झाला. दूर पुलाचा कठडा दिसायला लागला होता.

डाव्या सीटचा बेल्ट थरथरत होता. आणि मॅटवर टाच आपटत होती. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. समोर ट्रक नव्हता, बैल नव्हता, रस्ता मोकळा होता.

‘मामाजी,’ मागून रुचिका म्हणाली. ती सासऱ्याला मामाजीच म्हणायची. ‘मी या घरात आली तवापासून आई आंगनातच बसून आहेत. उनात, पान्यात. मी आतून पाहत होती. बोलली नाही, माही चूक झाली. पन मामाजी, आपल्या घरचं मानूस इतके दिवस दारात बसवून ठेवते का कोनी?’

घनश्यामचा पाय सुटला. गाडी हळू झाली, आणि अगदी पुलाच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला, थांबली. टाच थांबली. खाली वैनगंगेचं पाणी संथ पसरलेलं होतं. घनश्यामनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा रडला. इतक्या लोकांना त्यानं उंबऱ्यापर्यंत पोहोचवलं, परक्यांना, ज्यांची नावंही धड माहीत नव्हती त्यांना. आणि हिला अंगणात अडवून ठेवलं, कारण ती याला हवी होती. तिला काय हवं होतं, ते त्यानं विचारलंच नव्हतं.

त्यानं गाडी वळवली. परतीच्या रस्त्यावर नकाशावरची बाई तेवढी बोलत राहिली. फाटा आला, गल्ली आली. ‘तुम्ही तुमच्या...’ बाईनं सुरुवात केली.

‘शकुन,’ घनश्याम मोठ्यानं म्हणाला, तिचा आवाज बुडेल एवढ्या मोठ्यानं. ‘घर आलं. उतर.’

काहीच झालं नाही. बेल्ट तसाच ताणलेला. घनश्याम गोंधळला. सगळं नीट सांगितलं होतं, मग अडलं कुठे? आणि त्याच्या लक्षात आलं. अँबेसिडरला बेल्ट नव्हते. शकुनबाईनं जन्मात कधी बेल्ट लावला नव्हता की काढला नव्हता. तो वाकला आणि लाल बटण दाबलं. बेल्ट सळसळत मागे गेला. रुचिका खाली उतरली होती. तिनं बाहेरून डावं दार उघडून धरलं, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, ‘या आई.’

गाडी किंचित वर उचलली. प्रितमनं, त्या लोखंडी डोक्याच्या माणसानं, मागच्या सीटवर बसल्या बसल्या हात जोडले.

संध्याकाळी घनश्याम सवयीनं अंगणात आला. जिथे अँबेसिडर असायची तिथे मातीत चार चाकांचे खड्डे होते, डावीकडचा पुढचा जरा जास्त खोल. नवी गाडी अजून गल्लीतच उभी होती, तिला आत आणायचं कुणाला सुचलं नव्हतं. रुचिकानं हाक मारली. तिनं दोन कप चहा स्वयंपाकघरातच ठेवला होता, चुलीशेजारच्या पाटाजवळ, जिथे शकुनबाई बसायची. घनश्याम पाटासमोर बसला. त्यानं आपला कप उचलला, दुसऱ्या कपाला हात लावला नाही. पाटाशेजारच्या भिंतीवर शकुनबाईच्या डोक्याच्या तेलाचा जुना डाग होता, तो तिन्हीसांजेच्या उजेडात ओलसर दिसत होता. त्या घरात बांगड्या फक्त रुचिकाच्या हातात, आणि रुचिका दाराशी स्तब्ध उभी होती. तरी डब्यांच्या फळीजवळ बांगड्या वाजल्या. मग ओट्यावर. मग देवाजवळ. ती घर बघत होती. घनश्याम मान खाली घालून ऐकत राहिला.

शेवटी परसाकडच्या दाराची कडी निघाली. दार उघडलं, बाहेरचा गार वारा आत आला, आणि दार पुन्हा नीट लागलं. शकुनबाई नेहमी लावायची तसं, वरून एकदा दाबून.

पाटाजवळच्या कपातल्या चहावर साय धरली होती, तो भरलेलाच होता. घनश्यामनं तो उचलून रुचिकाच्या हातात दिला.

‘उद्यापासून एकच कप कर, पोरी,’ तो म्हणाला.